हळद, थेंब की ऑपरेशन? छोट्या सोबत्याला कॅन्सर होतो तेव्हा

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका रात्री साडेदहाला आईचा फोन आला. मी नोएडात, ती नाशिकला. एरवी साडेदहाला आमच्या घरी निजानीज झालेली असते, त्यामुळे फोन उचलतानाच पोटात गोळा आला. आई म्हणाली, “अगं, बुंदीच्या टोपलीतल्या कागदावर लाल डाग आहे.”

बुंदी म्हणजे आमची सशीण. पांढरी, अंगभर तपकिरी ठिपके, वजन दीड किलो, वय पाच वर्षं. मी कॉलेजात असताना तिला आणली आणि नोकरी लागल्यावर आईबाबांच्या गळ्यात टाकून इकडे आले. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत बहुतेक घरांत हेच होतं, नाही का? हट्ट मुलांचा आणि काम आईचं!

“आई, बीट दिलं होतंस का?” मी विचारलं. दिलं होतं. मग आम्ही दोघी हसलो आणि झोपलो.

आमचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. काही पाल्यांमुळे आणि भाज्यांमुळे सशाची लघवी खरंच केशरी-लालसर होते. पण तेव्हा संपूर्ण लघवीला सारखा रंग येतो. बुंदीच्या कागदावर लघवी फिकट होती आणि तिच्यात वेगळा, गडद डाग होता. हा फरक आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. बीट बंद करूनही चार दिवसांनी पुन्हा डाग दिसला, तेव्हा बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली.

आजचा लेख या गाठीबद्दल आहे, पण त्याहून जास्त त्यानंतरच्या पाच आठवड्यांबद्दल आहे. त्या पाच आठवड्यांत आमच्या घराने जे केलं, ते तुमच्याही घरात होऊ शकतं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बी.ए. इंग्लिश करून लेख लिहिणारी मुलगी आहे. इथे जे लिहिते आहे ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि थोडं चुकून शिकलेलं आहे.

सशिणीला गर्भाशयाचा कॅन्सर?

हो, आणि दुर्मीळ तर अजिबात नाही. नसबंदी न झालेल्या सशिणींमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर धोका झपाट्याने वाढतो. काही जातींच्या पाहणीत तर चार वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त माद्यांमध्ये तो सापडला आहे. आपल्याकडे ससा विकणारा दुकानदार गाजर, पिंजरा, पाण्याची बाटली सगळं विकतो, पण हे काही सांगत नाही. आणि आपणही विचारत नाही.

सशांसारखीच इतर छोट्या प्राण्यांचीही आपापली दुखणी असतात. पाळीव उंदरांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी खूप दिसतात. हॅमस्टर आणि गिनीपिग यांनाही वय झालं की गाठी येतात. त्यातल्या सगळ्याच कॅन्सरच्या असतात असं नाही, पण हाताला लागलेली कुठलीही गाठ दाखवून घ्यायलाच हवी.

बुंदीच्या डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, “आधी छातीचा एक्स-रे काढू. हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो. फुप्फुस स्वच्छ असेल तर गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकू. लवकर निर्णय घ्या.”

आम्ही “घरी विचारून सांगतो” म्हणून आलो.

घरी विचारलं आणि...

आजी म्हणाली, “एवढ्याशा जिवाला कसलं कापता? हळद द्या.” शेजारच्या काकांनी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या आणून दिल्या. वडोदऱ्याच्या मावशीने गोमूत्र अर्क सुचवला. बाबांच्या ग्रुपवर कोणीतरी पपईच्या पानांच्या रसाचा व्हिडिओ टाकला. आणि या सगळ्यांना “काहीही काय सांगता” म्हणणारी मी? मी रात्री दोन वाजता ऑनलाइन थेंबांची बाटली मागवली. 850 रुपये. लेबल इंग्रजीत, वर सशाचं गोड चित्र, खाली लिहिलेलं ‘शंभर टक्के नैसर्गिक’. आजीच्या हळदीवर मला विश्वास नव्हता, पण इंग्रजी लेबलवर होता. बघा, शिकलेली माणसं अशी फसतात.

भीती काय होती ते प्रामाणिकपणे सांगते. आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की ससा भुलीतून उठतच नाही. हे ऐकून आईने जेवण सोडलं होतं. मी खरी आकडेवारी नंतर वाचली. ब्रिटनमध्ये हजारो पाळीव प्राण्यांचा एक मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात भूल देताना किंवा त्यानंतर लगेच मरण्याचं प्रमाण कुत्र्यांत सुमारे 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के निघालं. म्हणजे सशाला धोका कुत्र्या-मांजरांपेक्षा बराच जास्त असतो, हे खरं. पण शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त ससे भुलीतून सुखरूप बाहेर आले, हेही तितकंच खरं. ‘उठतच नाही’ आणि ‘शंभरातला एखाद-दुसरा उठत नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही पहिलं वाक्य धरून बसलो.

थेंब सुरू केले. आठवड्याभरात डाग थांबले! आईने देवापुढे साखर ठेवली. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. दहा-बारा दिवस सगळं छान होतं.

आता मला कळतं की या आजारात रक्त असंच येतं. मध्येच येतं, मध्येच थांबतं. थेंब दिले नसते तरी ते थांबलंच असतं. पण आपण औषध दिलेलं असतं आणि नंतर बरं वाटलेलं असतं, त्यामुळे मन या दोन गोष्टी आपोआप जोडून टाकतं. प्राणी तर बोलत नाही, त्यामुळे त्याला बरं वाटतंय की नाही हे आपणच ठरवतो. कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या एका अभ्यासात नुसत्या खोट्या गोळ्या मिळालेल्या कुत्र्यांबद्दलही अनेक मालकांनी “सुधारणा आहे” असंच सांगितलं होतं. कुत्र्यांची चाल यंत्रावर मोजली तेव्हा बदल काहीच नव्हता. त्यात मालक खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं मनापासून दिसत होतं, जसं आम्हाला दिसलं.

पाचव्या आठवड्यात बुंदीने मेथी खाल्ली नाही. कोपऱ्यात पाठ कमान करून, डोळे अर्धे मिटून बसली. एक्स-रे काढला. फुप्फुसात डाग होते.

मी मॅडमना एकच प्रश्न विचारला, “पाच आठवड्यांपूर्वी आलो असतो तर?” त्या म्हणाल्या, “तेव्हा एक्स-रेच काढला नव्हता ना. तेव्हाही डाग असतील, नसतील. हे आता कोणीच सांगू शकणार नाही.”

हे उत्तर अजून माझ्याजवळ आहे. थेंबांनी बुंदीचा जीव घेतला असं मी म्हणत नाही. पण एक्स-रे काढून निर्णय घ्यायची जी संधी होती, ती आमच्या हातून त्या पाच आठवड्यांत गेली.

मग घरगुती उपाय सगळे खोटे का?

नाही, आणि असं म्हणणंही अर्धवटच होईल. आपल्याकडे प्राण्यांच्या औषधांची परंपरा जुनी आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राचा, हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आजही आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईंच्या कासेच्या दाहावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप शेतकऱ्यांना शिकवतं. म्हणजे आजीची हळद काही हवेतून आलेली नाही.

आणि आपल्या अंगणातली सदाफुली! तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं कॅन्सरचं औषध मिळतं. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते वापरतात. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा एक गाठीचा कॅन्सर असतो, त्यावर तर आठवड्याला एक अशी या औषधाची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री बरी होतात.

पण म्हणून सदाफुलीची पानं कोणाला चारू नका हं! पान विषारी आहे. औषध म्हणून त्यातला एक घटक वेगळा काढलेला असतो, तो अगदी मोजून, फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर सांडला तर तिथलं मांस जळतं. वनस्पतीत ताकद असते, यात वादच नाही. पण जिच्यात ताकद आहे ती ‘काही झालं तरी अपाय नाही’ अशी असूच शकत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

आता एकेक उपाय बघू

*हळद.* प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतल्या कर्क्युमिनचा परिणाम दिसतो. पण पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून लोक त्यात मिरपूड घालायला सांगतात. मिरीमुळे ते जास्त शोषलं जातं, हे खरं. पण त्याच मिरीमुळे बाकीच्या औषधांचं शरीरातलं गणितही बदलू शकतं. जास्त मात्रेत हळदीचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ऑपरेशन ठरलं असेल तर हळद देत असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

*होमिओपॅथीच्या गोळ्या.* ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये माणसांवरचे सगळे अभ्यास तपासून सांगितलं की, होमिओपॅथीचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा एकाही आजारात मिळाला नाही. गोळी साखरेची असते आणि द्रव औषधात बऱ्याचदा अल्कोहोल असतं. सशाच्या पोटाला दोन्ही नको.

*भांगेपासून काढलेलं सीबीडी तेल.* कुत्र्यांच्या सांधेदुखीवर आणि फिट्सवर काही अभ्यास झाले आहेत. पण सशाचा किंवा हॅमस्टरचा कॅन्सर त्याने बरा होतो, असा पुरावा नाही. आणि त्यात नशा आणणारा घटक मिसळलेला असेल तर छोट्या जिवाला ते सरळ विषच आहे.

*‘व्हिटॅमिन बी-17’ किंवा कडू जर्दाळूच्या बिया.* हे व्हिटॅमिन नाहीच. यातल्या घटकापासून शरीरात सायनाइड तयार होतं. याच्या वाटेला जाऊ नका.

*औषधी अळंबी.* अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2012 साली प्लीहेचा कॅन्सर झालेल्या फक्त 15 कुत्र्यांवर एक छोटा अभ्यास झाला. निकाल आशादायक वाटला आणि बाटल्यांवर त्याची जाहिरात सुरू झाली. नंतर जास्त कुत्र्यांवर चाचणी झाली, तेव्हा केमोथेरपी मिळालेली कुत्री नुसत्या अळंबीवर ठेवलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगली. पहिली बातमी सगळीकडे पोचली, दुसरी पोचलीच नाही. कुठल्याही ‘अभ्यासात सिद्ध’ लेबलपुढे दोन प्रश्न विचारा: किती प्राण्यांवर? आणि कोणत्या प्राण्यावर?

माणसांचंही एक उदाहरण देते. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये, पसरण्याआधीच सापडलेला कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या 281 रुग्णांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली. पर्यायी उपचारवाल्यांत मृत्यूचा धोका अडीचपट होता. यात गोळी-पाल्याच्या विषापेक्षा, जे मिळायला हवं होतं ते वेळेत न मिळणं हेच नुकसान मोठं होतं.

दीड किलोचं गणित

आजी बुंदीला अर्धा चमचा हळद देणार होती. आपल्याला वाटतं, अर्धा चमचा म्हणजे काय! पण 60 किलोच्या माणसाच्या हिशोबात तेच प्रमाण 20 चमचे होतं. हॅमस्टर तर साधारण 120 ग्रॅमचा. त्याला दिलेला एक थेंब म्हणजे आपल्यासाठी 500 थेंब, म्हणजे जवळजवळ 25 मिलिलिटर. डॉक्टर मात्रा काढताना नुसत्या वजनाचा हिशोब करत नाहीत, पण अंदाज यायला एवढं पुरे.

शिवाय सशाचं पोट हे वेगळंच प्रकरण आहे. ससा उलटी करू शकत नाही. चुकीचं पोटात गेलं की गेलं. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते आतल्या जंतूंच्या जिवावर चालतं. मध, गूळ, साखरेचा पाक यांनी ते जंतू बिघडतात. माणसांना सर्रास देतात ती अमॉक्सिसिलिनसारखी काही अँटिबायोटिक्ससुद्धा तोंडाने दिली तर सशाचा आणि गिनीपिगचा जीव जाऊ शकतो. म्हणून घरातली कुठलीही गोळी फोडून देऊ नका. आणि ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, तर ती इमर्जन्सी आहे. ‘उद्या बघू’ नाही.

घरात वाद सुरू झाला तर हे प्रश्न विचारा

घरातल्या मोठ्यांना “तुम्हाला काही कळत नाही” म्हणून प्रश्न सुटत नाही. आजी प्रेमापोटीच सांगत असते. त्यापेक्षा सगळ्यांनी बसून पुढचे प्रश्न विचारावेत.

1. हा उपाय उपचाराच्या ‘सोबत’ आहे की ‘ऐवजी’? सोबत असेल तर डॉक्टरांना दाखवून ठरवता येतं. ऐवजी असेल तर थांबा.

2. याची वाट बघण्यात किती दिवस जाणार आहेत? तारीख ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. सशाचं आयुष्य साधारण 8 ते 10 वर्षं, हॅमस्टरचं दोन-तीन. त्यांचे पाच आठवडे आपल्या पाच आठवड्यांएवढे नसतात.

3. बाटलीवर सगळे घटक आणि प्रत्येकाचं प्रमाण लिहिलंय का? ‘खास जडीबुटी’ हे घटकाचं नाव नाही.

4. ‘कॅन्सर बरा होतो’ असा दावा आहे का? तर बाटली तिथेच ठेवा. आपल्याकडे 1954 चा औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे आणि त्या कायद्यात औषध म्हणजे माणसांचं आणि प्राण्यांचंही. जो कायदा मोडून विकतो, तो बाटलीत काय भरत असेल?

5. सांगणारा नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का? भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 पासून आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाज कसली?

6. आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न: हा उपाय आपण तिच्यासाठी करतोय की आपल्याला हातावर हात धरून बसवत नाही म्हणून?

सहाव्या प्रश्नाचं माझं उत्तर मला आवडलं नव्हतं. रात्री दोन वाजता मी बुंदीसाठी नाही, माझ्यासाठी थेंब मागवले होते. मी तिच्याजवळ नव्हते ना. काहीतरी पाठवल्याशिवाय झोप येईना.

ससा दाखवायचा कुठे?

गल्लीतले डॉक्टर चांगले असतात, पण बरेच जण कुत्रा-मांजर आणि गाई-म्हशी बघतात. तेव्हा फोनवरच विचारा, “तुम्ही सशांची ऑपरेशन्स करता का? वर्षाला किती?” नाही म्हणाले तर तेच दुसरं नाव सुचवतील. मोठ्या शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हा चांगला आधार असतो. मुंबईत परळचं, नागपूरचं, साताऱ्याजवळ शिरवळचं, चेन्नईचं मद्रास व्हेटरनरी कॉलेज. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी आपल्या राज्यातलं महाविद्यालय शोधून ठेवावं, गरज पडायच्या आधीच. खर्चाचा अंदाज लेखी मागा. पैसे नसतील तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यावरून डॉक्टर उपचाराची दुसरी वाट सांगू शकतात. पैशांच्या संकोचापायी लोक गप्प राहतात आणि स्वस्त बाटलीकडे वळतात, असं मला मॅडमनी सांगितलं.

शेवटचे 39 दिवस

एक्स-रेनंतर ऑपरेशनचा अर्थ उरला नव्हता. मॅडम म्हणाल्या, “आता बरं करणं आपल्या हातात नाही. दुखू न देणं आहे.” त्यांनी सशाच्या वजनाला मोजलेलं दुखण्याचं औषध दिलं. मी पंधरा दिवस सुट्टी घेऊन नाशिकला गेले. उरलेल्या दिवसांत आईचा व्हिडिओ कॉल होताच.

आणि गंमत बघा, इथे आजी सगळ्यांत उपयोगी पडली. हळद बाजूला राहिली, पण वाळलेल्या गवताची पूड भिजवून सिरिंजने कशी भरवायची, ते तिला एकदा दाखवल्यावर बरोबर जमलं. घाई न करता, गालाच्या बाजूने, थोडं थोडं. पाच मुलांना भरवलेला हात होता तो. रोज सकाळी कोवळी कोथिंबीर आणि हरभऱ्याचा पाला निवडून ठेवायची. जुन्या नऊवारीच्या घड्या घालून मऊ बिछाना केला, कारण बुंदीचे तळपाय दुखायचे. रोज लेंड्या मोजून वहीत लिहायची. मॅडम ती वही बघून म्हणाल्या, “आजी, माझ्या असिस्टंटपेक्षा नीट लिहिता.” आजी दिवसभर खूश होती.

मला वाटतं, घरगुती उपायांची खरी जागा ही आहे. भूक टिकवणं, ऊब देणं, स्वच्छ कोरडी जागा, गोंगाट नाही, ओळखीचा हात. हे कुठल्या बाटलीत मिळत नाही आणि याला डॉक्टरांची हरकतही नसते.

दुखतंय हे ओळखायला मॅडमनी शिकवलं. ससा हा शिकार होणारा प्राणी, तो दुखणं लपवतो. ओरडत नाही. दात करकर वाजवणं, पाठ कमान करून बसणं, अंग चाटणं सोडून देणं, आवडता पाला हुंगून तोंड फिरवणं, या त्याच्या तक्रारी. आम्ही कॅलेंडरवर रोज एक खूण करायचो: चांगला दिवस किंवा वाईट दिवस. वाईट खुणा चांगल्या खुणांपेक्षा जास्त झाल्या की मॅडमना फोन करायचा, असं आधीच ठरवलं होतं. आधी ठरवलं होतं म्हणूनच तो फोन करता आला.

39 व्या दिवशी तो फोन बाबांनी केला. बुंदी आजीच्या मांडीवर, नऊवारीच्या घडीत होती. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. तिला दुखलं नाही. मी कॉलवर होते. आजी एवढंच म्हणाली, “गेली गं शांतपणे.”

महिन्याभराने मी आजीला विचारलं, “तुला राग नाही आला, हळद देऊ दिली नाही म्हणून?” ती म्हणाली, “तुझे थेंब तरी कुठे लागले?” पुढे काही बोलायला माझ्याकडे नव्हतं.

तुम्ही आज काय कराल?

घरात सशीण असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर ती तरुण आणि धडधाकट असतानाच अनुभवी डॉक्टरांशी बोला. गर्भाशय काढल्यावर हा कॅन्सर होतच नाही आणि तरुण वयात भुलीचा धोकाही कमी असतो. हैदराबादच्या माझ्या आतेबहिणीने तिच्या दोन वर्षांच्या सशिणीचं ऑपरेशन बुंदीनंतर दोन महिन्यांत करून घेतलं. ती सशीण दुसऱ्या दिवशी मेथी खात होती आणि तिसऱ्या दिवशी बहिणीच्या चार्जरची वायर!

प्राणी कुठलाही असो, आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घ्या. पोटावरून, काखेतून, मांड्यांमधून हात फिरवा. गाठ लागते का बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा. छोट्या प्राण्याचं वजन थोडं उतरलं तरी ते खूप असतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कागदावर लाल डाग दिसला तर बिटाची आठवण जरूर काढा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जाऊन.